अर्ध्यात निघालेला खड्डा

पत्राचा सारांश : पत्र लिहिणारे वाचक पंचवीस वर्षं पाइप ओढतात. आजवरचे सगळे पाइप कारखान्यात बनलेले. लवकरच निवृत्त होणार असल्यामुळे त्यांनी स्वतःसाठी एक पाइप हाताने घडवून घ्यायचं ठरवलं. एकट्याने काम करणारा एक कारागीर शोधला, त्याला मापांसकट रेखाचित्र आणि एका जुन्या डॅनिश पाइपचा फोटो पाठवला. अटी तीन : गुळगुळीत फिनिश, तंबाखू भरायच्या वाटीवर लाकडाच्या सरळ उभ्या रेषा, आणि लाकडात एकही डाग नको. निम्मे पैसे आगाऊ दिले. मग एक दिवस कारागिराचा निरोप आला की वाटीच्या उजव्या बाजूला खड्डा निघालाय, सोबत फोटो. त्याने तीन पर्याय दिलेत. लाकडाच्या याच ठोकळ्यावर सँडब्लास्ट करून, म्हणजे बारीक कणांच्या माऱ्याने तो खडबडीत करून, पाइप पूर्ण करायचा आणि किंमत कमी करायची. नवा ठोकळा घ्यायचा, पण मग काही महिने थांबायचं. किंवा सगळे पैसे परत. मेहुणे म्हणतात, हा खराब माल गळ्यात मारण्याचा प्रकार आहे, मूळ ऑर्डर सोडू नका. निवृत्तीचा दिवस दोन महिन्यांवर आहे. वाचक विचारतात : हा माणूस मला फसवतोय का? मी अडून बसावं का? आणि जाता जाता, पाइपच्या दांडीवरच्या चांदीच्या बँडवर आद्याक्षरं कोरून घ्यावीत का?

---

नमस्कार,

तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे, पण उत्तर मला तिथूनच सुरू करावंसं वाटतं. खड्डा दिसल्यावर कारागिराने त्याचा फोटो काढला आणि तुम्हाला पाठवला. तुम्ही विचारलं नव्हतं. तुम्हाला कळण्याची शक्यताही नव्हती.

ज्याला फसवायचंय तो काय करतो, हे सांगतो. लाकडाचा बारीक भुगा आणि चिकट काहीतरी कालवून त्याची लांबी, म्हणजे पुट्टी, खड्ड्यात भरतो, वाळली की पॉलिश पेपरने घासतो, वर गडद तपकिरी नाहीतर काळपट लाल रंग चढवतो आणि मेणाने चकाकवून पाठवून देतो. पाइप हातात आल्यावर तुम्ही खूश झाला असता. वर्ष-दोन वर्षं ओढून वाटी तापत-निवत राहिली की भरलेल्या जागेचा रंग आजूबाजूच्या लाकडापेक्षा वेगळा पडू लागला असता, आणि तोवर तुमचे उरलेले पैसे केव्हाच पोचलेले असते. स्वस्तातल्या कारखानी पाइपांमध्ये ही लांबी सर्रास असते आणि त्यात फारसं गैरही नाही, कारण किंमत त्याच हिशेबाने ठरलेली असते. तुमच्याकडच्या जुन्या पाइपांपैकी एखादा उन्हात धरून तिरका बघा. बाकी लाकूड चमकतं आणि मधेच एक गुलाबीसर, मुका ठिपका दिसतो, ती लांबी.

तर मेहुण्यांच्या शंकेचं उत्तर माझ्या मते झालं. फसवणारा माणूस खड्डा दाखवत नाही, आणि सगळे पैसे परत करायची तयारी तर दाखवतच नाही.

पण मग खड्डा आला कुठून, आणि ठोकळा निवडताना त्याला दिसला कसा नाही? तुमचा खरा राग इथे आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. मेहुण्यांनी शिंप्याचा दाखला दिलाय : कापड फाटकं निघालं तर शिंपी जबाबदार. दाखला चटकन पटतो, पण लागू होत नाही. शिंपी कापड पसरतो, उजेडात धरतो, दोन्ही बाजू बघतो आणि मग कात्री लावतो. ब्रायरचा ठोकळा आतून बघायची सोय नसते. बघायचं तर कापावंच लागतं.

ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या आसपास वाढणाऱ्या एका झुडपाच्या बुडाची गाठ. एरिका आर्बोरिया हे त्याचं शास्त्रीय नाव. इटलीचा कॅलाब्रिया, लिगुरिया, टस्कनी हा भाग, कॉर्सिका, ग्रीस, अल्जीरिया इथल्या खडकाळ, कोरड्या उतारांवर ते उगवतं. खोड आणि मुळं यांच्या मधे, जमिनीखाली, ही गाठ फुगत जाते. पाइपाजोगी व्हायला तिला कित्येक दशकं लागतात. वाढताना वाटेत दगड आला, वाळू आली, तर झाड तिला वळसा घालत नाही. पोटात घेतं आणि पुढे वाढतं. गाठ खणून काढल्यावर ती तडकू नये म्हणून ओली ठेवतात, करवतीवर ठोकळे पाडतात, ते मोठ्या हंड्यांत तासन्‌तास उकळतात म्हणजे रस आणि टॅनिन निघून जातं, आणि मग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, सावकाश वाळवतात. एवढं सगळं झालेला ठोकळा कारागिराच्या हातात येतो तेव्हा तो बाहेरून निर्दोष दिसू शकतो आणि आत वाळूचा कण बसलेला असू शकतो.

कारागीर आपल्या परीने बघतोच. ठोकळ्याला पाणी लावतो, ओलं लाकूड गडद होऊन रेषा उठून दिसतात, तो वळवून वळवून बघतो. पण हे झालं वरच्या कातडीचं. मग खरं काम सुरू होतं. वाटीचा आकार येतो, भिंत पातळ होत जाते, आणि शेवटच्या घासणीच्या आसपास मोहरीएवढा काळा ठिपका वर येतो. तो टोकदार सुईने हळूच कोरून बघतो. ठिपका लगेच निघून गेला तर प्रश्न मिटला. सुई आत जात राहिली, टोकाला भुसभुशीत मऊ काही लागलं, की त्या दिवसाचं काम थांबलं. तोवर झालेली सगळी मेहनत त्याची गेली, तुमची नाही. हात चोखंदळ असणाऱ्या माणसांचेही किती ठोकळे असे अर्ध्यात टाकून द्यावे लागतात, हे त्यांनाच विचारावं.

म्हणून पत्रातल्या ‘एकही डाग नको’ या अटीबद्दल थोडं बोलायला हवं. ही अट घालायचा हक्क तुम्हाला आहे. पण ती घालताना तुम्ही कारागिराकडून कौशल्य मागत नव्हता, नशीब मागत होता. सरळ उभ्या रेषांचा, चहूबाजूंनी सारखा, एकही ठिपका नसलेला गुळगुळीत पाइप दुर्मीळ असतो तो एवढ्यासाठीच, आणि त्याची किंमत चढते तीही याच कारणासाठी. तो चांगला ओढला जातो म्हणून नाही.

हे वाक्य थोडं उलगडतो, कारण तुमच्या प्रश्नाची किल्ली इथे आहे आणि तुमच्यासारख्या बऱ्याच जणांची गल्लत इथेच होते. पाइप कसा ओढला जाईल हे वाटीच्या बाहेरच्या रेषांवर ठरत नाही. ते ठरतं आतल्या भोकांवर. दांडीतून जाणारं हवेचं भोक वाटीच्या अगदी तळाशी, बरोबर मध्यावर उघडलंय का? वर उघडलं तर तळाची तंबाखू ओलीच राहते आणि प्रत्येक वेळी थोडी फेकावी लागते. स्टेमचा, म्हणजे तोंडात धरायच्या नळीचा, जो खुंट दांडीत बसतो, तो आतल्या खाचेच्या तळापर्यंत टेकतो का, की मधे पोकळी राहते? पोकळी राहिली की तिथे धुराची वाफ थंड होऊन पाणी साचतं आणि अर्ध्या वाटीनंतर पाइप गुरगुरायला लागतो. भोक पुरेसं रुंद आहे का? बरेच कारागीर ते साडेतीन-चार मिलिमीटरच्या आसपास ठेवतात, म्हणजे जोराने ओढावं लागत नाही आणि जिभेला चटका कमी बसतो. स्टेमच्या टोकाशी ते भोक पंख्यासारखं पसरवलंय का? दातात धरायची जागा पातळ आहे का? यातलं काहीच फोटोत दिसत नाही. आणि तुमच्या रेखाचित्राच्या मापांत, तुम्ही लिहिलंय त्यावरून, बाहेरची लांबी-रुंदी आणि वाटीची उंची आहे. आतलं एकही माप नाही.

मग खड्ड्याचं काय? बाहेरच्या अंगाला असलेला उथळ खड्डा ओढण्यात काडीचाही फरक करत नाही. फरक पडतो तो खड्डा आतून वाटीपर्यंत किंवा हवेच्या भोकापर्यंत पोचत असेल तर. तिथे भिंत कमकुवत होते, एक जागा बाकीच्यांपेक्षा तापते आणि पाइप त्या ठिकाणी जळून आरपार जाऊ शकतो. तेव्हा कारागिराला विचारायचा पहिला प्रश्न हा : खड्डा किती खोल आहे, आणि वाटीच्या भिंतीत त्याच्या मागे किती लाकूड उरतंय? ‘तुम्ही मला फसवताय का’ यापेक्षा हा प्रश्न शतपटीने उपयोगाचा आहे. याचं नीट उत्तर मिळालं तर पुढे जा. उत्तर गोलमाल आलं तर पैसे परत घ्या आणि विषय संपवा, मग फोटो कितीही प्रामाणिक असो.

आता सँडब्लास्टकडे येऊ. तुमच्या पत्रात त्याला ‘दुय्यम’ म्हटलंय. पाइपवाल्यांत ही समजूत जुनी आहे आणि तिला थोडा आधारही आहे, कारण डाग असलेले ठोकळे पुष्कळदा तिकडे वळवले जातात. पण गोष्ट एवढीच नाही. लंडनच्या अल्फ्रेड डनहिलने 1917 मध्ये ‘शेल’ नावाने सँडब्लास्ट पाइप आणले आणि त्या पद्धतीचं पेटंट घेतलं. ते स्वस्त माल म्हणून विकले गेले नाहीत, आणि जुने शेल पाइप आजही संग्राहक हौसेने शोधतात. सँडब्लास्टमध्ये दाबाच्या हवेने बारीक कणांचा मारा करतात. लाकडाच्या वर्षावर्षाच्या वाढीमधला मऊ भाग झडतो, कठीण भाग उभा राहतो आणि वाटीभोवती एकाखाली एक अशी कडी उमटतात. जे वरवर घासून दिसत नव्हतं ते हाताला लागतं. खड्डा उथळ असला तर या माऱ्यात तो निघूनच जातो किंवा त्या खडबडीत पृष्ठभागाचाच एक भाग होतो. त्याला लपवावं लागत नाही. शिवाय थोडं लाकूड झडल्याने पाइप हलका होतो, आणि खडबडीत अंगामुळे तापलेली वाटी हातात धरायला सोपी जाते. माझं स्वतःचं मत विचाराल तर बेताच्या रेषांच्या गुळगुळीत पाइपापेक्षा मी नीट कडी उमटलेला सँडब्लास्ट केव्हाही घेईन. गुळगुळीत पाइप कपाटात सुंदर दिसतो. सँडब्लास्ट हातात सुंदर लागतो. अर्थात हे झालं माझं.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. प्रत्येक ठोकळ्यावर सँडब्लास्ट सुंदर येतोच असं नाही. कडी नीट उमटायची तर लाकडाची वाढही तशी हवी. तुम्हाला सरळ उभ्या रेषा हव्या होत्या, म्हणजे त्याने ठोकळाही तसाच निवडला असणार. उभ्या रेषांच्या ठोकळ्यात वाढीची वर्तुळं साधारण आडवी पडतात, तेव्हा कडी वाटीभोवती फिरलेली दिसायची शक्यता चांगली आहे. पण ‘शक्यता’ एवढंच. त्याच्या आधीच्या दोन-तीन सँडब्लास्ट पाइपांचे जवळून घेतलेले फोटो मागा. त्यात मारा उथळ, सगळीकडे सारखाच पुरळ उठल्यासारखा दिसला तर नको म्हणा. काही जण सँडब्लास्टऐवजी हत्याराने टोचे मारून पृष्ठभाग खडबडीत करतात, त्याला रस्टिकेशन म्हणतात. तेही छान होऊ शकतं, पण ते वेगळं काम आहे. तो नेमकं काय करणार आहे ते शब्दात लिहून घ्या.

आता तुमच्या ऑर्डरबद्दल. रागावू नका, पण तुमच्या ऑर्डरच्या पत्रात चुकीच्या गोष्टींना जास्त जागा मिळाली आहे. पाइप कसा दिसावा हे तुम्ही बारकाईने सांगितलं. तुम्ही तो कसा ओढता हे कुठेच सांगितलं नाही. आणि घडवणाऱ्या माणसाला हवं असतं ते हे दुसरं. तुम्ही पाइप दातात धरून काम करता की हातात घेऊन बसता? दातात धरत असाल तर वजन महत्त्वाचं. चाळीस ग्रॅमच्या आसपासचा पाइप तासभर सहज राहतो, साठच्या पुढे गेला की जबडा बोलायला लागतो. दात खरे आहेत की कवळी? कवळी असेल तर स्टेम एबोनाइटचं, म्हणजे कठीण केलेल्या रबराचं, बरं. ते दाताखाली जरा मऊ लागतं. त्याचा तोटा असा की उन्हात आणि लाळेने ते हिरवट-तपकिरी पडतं, अधूनमधून घासावं लागतं. ॲक्रिलिकची चमक टिकते, पण ते दाताला टणक लागतं. एका बैठकीत वीस मिनिटं ओढता की सव्वा तास? त्यावर वाटीचा व्यास आणि खोली ठरते. तंबाखू पट्ट्यांची दाबलेली वापरता की सुटी कातरलेली? फिल्टर लावता का? लावत असाल तर तो नऊ मिलिमीटरचा का, हे सुरुवातीलाच सांगावं लागतं, कारण दांडीतली सगळी भोकं त्यानुसार पाडतात आणि नंतर बदलता येत नाहीत. चष्मा लावता का? लहान पाइप धुराचा लोट थेट काचेवर सोडतो. पाइप खिशात घालून फिरवणार की टेबलावर ठेवणार?

यातल्या पाच प्रश्नांची उत्तरं जरी त्याला पोचली असती, तरी त्या रेखाचित्रापेक्षा जास्त काम झालं असतं. अजूनही उशीर झालेला नाही. वाटी पोखरून झाली असेल तर व्यास बदलणार नाही, पण स्टेम बहुधा अजून व्हायचंय. आजच विचारा.

आणि तो डॅनिश पाइपचा फोटो. त्याने ‘हुबेहूब करणार नाही, त्या वळणाचा करीन’ असं कळवल्यावर तुम्हाला तो अडेलतट्टू वाटला. मला नाही वाटला. दुसऱ्या जिवंत कारागिराच्या घडणीची तंतोतंत नक्कल करायला बहुतेक चांगले हात नाखूश असतात, आणि असावेत. शिवाय ज्या परंपरेतला तो फोटो आहे तिचा तर पिंडच नकलेच्या विरुद्ध आहे. कोपनहेगनमध्ये काम करणारे सिक्स्टेन इव्हारसन (1910–2001) यांना आधुनिक हातघडणीच्या पाइपांचे जनक मानतात. कारखान्यात ठरलेल्या साच्याने आधी भोकं पाडून बाहेरचा आकार त्यांच्याभोवती काढत. त्यांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी ठोकळ्यातल्या रेषा बघून आधी आकार काढायचा आणि मग त्यात भोकं जुळवायची, ही उलटी वाट रुळवली. म्हणजे तुमच्या फोटोतला पाइप तसा दिसतो तो त्याच्या ठोकळ्यातल्या रेषांमुळे. तो आकार दुसऱ्या ठोकळ्यावर जसाच्या तसा बसवला की आकार मिळतो, पण रेषा भलतीकडे जातात आणि सगळं विस्कटतं. फोटो जरूर पाठवावा. पण सोबत एक वाक्य लिहावं की यातलं नेमकं काय आवडलं. दांडीचा बाक? वाटीचं पुढे झुकणं? की स्टेम दांडीतून निघतं ती जागा? एवढं सांगितलं की त्याच्या हाताला दिशाही मिळते आणि मोकळीकही.

आता तुमच्यापुढचे तीन पर्याय.

पैसे परत घेणं हा पर्याय मी सहसा शेवटी ठेवतो, पण एका परिस्थितीत तो पहिला. जर तुमचं मन त्या माणसाबद्दल इतकं कडवट झालं असेल की पाइप पेटवताना दर वेळी मेहुण्यांचे शब्द आठवणार असतील, तर पैसे घ्या. हौसेच्या वस्तूत असं किटाळ कशाला?

राहिले दोन. नवा ठोकळा की सँडब्लास्ट? तुमच्या पत्रात निवृत्तीचा दिवस सगळ्यात महत्त्वाचा म्हणून आलाय. त्या संध्याकाळी हाच पाइप पेटवायचाय, असं तुम्ही दोनदा लिहिलंय. पण कारागिराला पाठवलेल्या ऑर्डरमध्ये ती तारीख सगळ्यात शेवटी, ‘जमल्यास’ या शब्दासकट आहे. त्याने तिला ‘जमल्यास’ एवढंच वजन दिलं. दिलं तर त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

म्हणून आधी स्वतःशी ठरवा, तुम्हाला तो दिवस हवाय की ती रेषा? दोन्ही मिळण्याची खात्री कुणीच देऊ शकत नाही, कारण नवा ठोकळाही आतून कसा निघेल हे पुन्हा कापल्यावरच कळणार. नव्या ठोकळ्यातही ठिपका निघाला तर? तेव्हा तुम्ही पुन्हा इथेच उभे असाल, फक्त दिवस उलटून गेलेला असेल. दिवस महत्त्वाचा असेल तर, खोलीबद्दलचं उत्तर समाधानकारक आलं की, सँडब्लास्टला होकार द्या. माझा कल इकडे आहे. मात्र एक अट स्वतःला घाला : होकार द्यायचा तर मनापासून. ‘चला, नाइलाज आहे’ म्हणून घेतलेल्या पाइपाकडे तुम्ही बघाल तेव्हा त्यात जे नाही तेच दिसेल. तसं होणार असेल तर खुशाल नवा ठोकळा मागा, त्या दिवशी जुन्यापैकी एखादा लाडका पाइप ओढा, आणि नवा येईल तेव्हा येईल.

कमी केलेल्या किमतीवर घासाघीस करू नका. गुळगुळीत आणि सँडब्लास्ट यांच्या दरात तो नेहमी जेवढा फरक ठेवतो तेवढाच तुम्हाला सुटतोय का, हे त्याच्या इतर पाइपांच्या दरांवरून कळेल. तेवढा असेल तर झालं. खड्डा निघाला म्हणून आणखी कापून मागणं म्हणजे त्याच्या प्रामाणिकपणावर दंड लावणं.

आगाऊ रकमेबद्दल इतर वाचकांसाठी दोन शब्द. बरेच एकटे कारागीर आगाऊ काहीच घेत नाहीत, कारण तुम्हाला पाइप नाही आवडला तर तो दुसऱ्या कुणाला विकता येतो. अशा वेळी नाही म्हणायची मोकळीक दोघांनाही राहते. काही जण घेतात. विशेषतः मागणी फार वेगळी असली, चांदी किंवा शिंग वापरायचं असलं तर. घ्यायला हरकत नाही, पण तीन गोष्टी आधी लिहून घ्याव्यात : ठोकळा वाया गेला तर काय, गिऱ्हाइकाला तयार पाइप पसंत पडला नाही तर काय, आणि सुरुवातीच्या वापरात वाटी जळाली तर काय. तुमच्या माणसाने पहिल्याचं उत्तर न विचारता दिलंय. तिसऱ्याचं विचारून ठेवा. लाकडात दडलेल्या दोषामुळे वाटी जळाली तर अनेक कारागीर पाइप बदलून देतात. तुम्ही फुंकून फुंकून, भट्टीसारखा ओढून जाळलात तर नाही देणार, आणि ते बरोबरच आहे.

पाइप आला की रेषा बघायच्या आधी त्यातून एक पाइप क्लीनर घाला. स्टेमपासून वाटीच्या तळापर्यंत तो न अडखळता गेला पाहिजे. रिकामा पाइप तोंडात धरून हवा ओढा. शिट्टी वाजल्यासारखा आवाज आला तर कुठेतरी वाट अरुंद आहे. वाटीत डोकावून भोक तळाशी, मध्यावर आहे का बघा. वाटीला आतून लेप दिलाय का, कशाचा, हे विचारा. काही जण देतात, काही जण कोरं लाकूडच ठेवतात. पहिले काही दिवस वाटी पूर्ण न भरता सावकाश ओढा, आतला काजळीचा पातळ थर बसू द्या. आणि पाइप गरम असताना स्टेम ओढून काढू नका. ही सवय पंचवीस वर्षं पाइप ओढणाऱ्यांनाही नसते आणि खुंट मोडतो तो तेव्हाच.

तुमच्या पत्नीचं एक वाक्य तुम्ही कंसात टाकलंय, ‘या वयात अजून तंबाखूवर खर्च?’ ते कंसात टाकण्याइतकं लहान नाही. पाइपचा धूर छातीत घेतला नाही तरी तोंड, घसा, अन्ननलिका आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतोच, आणि हाताने घडवलेल्या पाइपाने तो कमी होत नाही. तो पाइप घ्यावा की नाही हे मी सांगणार नाही. पण चांगला पाइप हातात आला की तो जास्त वेळा भरावासा वाटतो, हे माहीत असलेलं बरं. काही जण याच निमित्ताने आठवड्यातून ठरावीक दोनच संध्याकाळी ओढायचं असं स्वतःशी ठरवतात. ब्रायरलाही वाळायला मधे विश्रांती लागतेच. हे आधी पत्नीशी बोला, मग कारागिराला कळवा.

राहिला बँड. आद्याक्षरं जरूर कोरून घ्या, पण चांदीवर, लाकडावर नको. सँडब्लास्टच्या खडबडीत अंगावर अक्षरं दिसत नाहीत, आणि गुळगुळीत लाकडावर कोरलेली वापराने आणि पॉलिशने झिजतात. कोरायचं काम बँड दांडीवर बसवण्याआधी सोपं जातं, म्हणून कारागिराला आता लिहाल त्याच पत्रात सांगून टाका. निवृत्तीची तारीखही घालावी का असं तुम्ही विचारलंय. पाइप त्या तारखेला हातात येईल अशी खात्री कारागिराने दिली तर घाला. नाहीतर नुसतं वर्ष पुरे.

आपला,
सल्लागार